दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत घराच्या अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा इमारतीच्या आवारात दगड, विटा आणि माती यांपासून उभारण्यात येणारी गडाची लघुप्रतिकृती होय. महाराष्ट्रात, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात, तसेच बेळगाव परिसरात ही प्रथा रूढ आहे. किल्ला मुख्यतः शाळकरी मुले बांधतात. त्यावर छत्रपती शिवाजी महाराज, मावळे, पहारेकरी, तोफा आणि पायथ्याचे गाव यांची छोटी चित्रे मांडण्यात येतात. दुर्गअभ्यासक, गिर्यारोहक आणि हौशी प्रतिकृतीकार यांनी या प्रथेला अचूक प्रतिकृतींची जोड दिली असून एखाद्या विशिष्ट गडाचा नकाशा व इतिहास अभ्यासून त्याची हुबेहूब रचना करण्याकडे अनेकांचा कल असतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराजवळील देवगिरी तथा दौलताबाद हा किल्ला अशा प्रतिकृतीसाठी अवघड, परंतु बोधप्रद समजता येईल.

## स्वरूप

दिवाळीतील किल्ल्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार काल्पनिक किल्ल्याचा. यात एक उंच डोंगर, त्यावर बालेकिल्ला, उतारावर वळणे घेत जाणारी वाट, दोन-तीन बुरूज, एखादी गुहा, पायथ्याशी शेत, विहीर आणि तळे अशी ठरीव मांडणी असते. गुहेत वाघ बसवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. दुसरा प्रकार प्रत्यक्षातील गडाच्या प्रतिकृतीचा. यात रायगड, राजगड, प्रतापगड, सिंहगड, पन्हाळा, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसारख्या एका गडाची निवड करून त्याच्या माच्या, दरवाजे, टाकी व तटबंदी शक्य तितक्या अचूकपणे दाखवण्याचा प्रयत्न असतो.

काही ठिकाणी गडाऐवजी प्रसंग मुख्य असतो. अफझलखानाशी झालेली प्रतापगडाची भेट (१० नोव्हेंबर १६५९), पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत झालेली लढाई (जुलै १६६०), सिंहगडाची लढाई (फेब्रुवारी १६७०) आणि रायगडावरील राज्याभिषेक (६ जून १६७४) हे प्रसंग अधिक प्रमाणात निवडले जातात. अशा मांडणीत भूप्रदेश संक्षिप्त करावा लागतो. पन्हाळा आणि विशाळगड हे दोन गड प्रत्यक्षात एकमेकांपासून बरेच दूर असले, तरी मांडणीत ते हातभर अंतरावर येतात आणि मधली खिंड मात्र मुद्दाम मोठी करून दाखवली जाते.

## पार्श्वभूमी

सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागणे, शेतातील खरिपाची कामे आटोपत येणे आणि पावसाळ्यानंतरची माती अद्याप ओलसर असणे या तिन्ही गोष्टी दिवाळीच्या सुमारास जुळून येतात. त्यामुळे मुलांना वेळ, माती व पाणी एकाच वेळी सहज मिळतात. किल्ल्याचा विषय मात्र शिवकालीन इतिहासाविषयीच्या सार्वजनिक आस्थेतून आलेला आहे. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवाजी उत्सव साजरा झाला. शिवचरित्र, पोवाडे, शालेय पाठ्यपुस्तके आणि गडभ्रमंती यांमुळे विसाव्या शतकात गडांची नावे घरोघरी पोहोचली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ११, तर तामिळनाडूतील जिंजी हा एक किल्ला आहे. देवगिरी या यादीत नाही. त्याचा इतिहास यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही आणि मुघल अशा अनेक सत्तांशी निगडित आहे.

## साहित्य आणि माती

किल्ल्यासाठी मोठे दगड, पडीक विटा, गोणपाट, माती, वाळू, शेण, गवताचा भुसा आणि पाणी हे मूळ साहित्य लागते. अवजारांत फावडे, घमेले, चाळणी, थापी आणि कडा तासण्यासाठी पत्र्याचा तुकडा पुरेसा होतो. तटबंदीसाठी जाड पुठ्ठा किंवा मातीच्या लहान विटा, बुरुजांसाठी डबे अथवा पुठ्ठ्याच्या नळ्या, रंगासाठी गेरू, चुना व रांगोळी वापरतात.

मातीचा प्रकार प्रदेशानुसार बदलतो. कोकणात व घाटमाथ्यावर तांबडी माती मिळते. ती आकार चांगला धरते आणि डोंगराचा रंगही आपोआप साधतो. मराठवाड्यात काळी, चिकण माती मुबलक आहे. ही माती पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते. परिणामी ती नुसती लिंपली, तर एक-दोन दिवसांत किल्ल्याला मोठ्या भेगा पडतात. यावर उपाय म्हणून चाळलेल्या मातीत वाळू व भुसा मिसळून, जाड थराऐवजी पातळ थर देण्यात येतात. पहिला थर अर्धवट सुकल्यावर पडलेल्या भेगा पातळ चिखलाने भरून मग दुसरा थर देतात. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांना वापरली जाणारी पांढरी माती मिळाल्यास ती वरच्या थरासाठी व तटाच्या भिंतींसाठी सोयीची ठरते. मुरूम चाळून मिळणारे बारीक खडे उतारावर विखुरल्यास खडकाळ जमिनीचा आभास निर्माण होतो.

## बांधणी

### गाभा व लेप

प्रथम जागा निश्चित करून जमिनीवर चुन्याने किंवा रांगोळीने गडाचा बाह्याकार आखतात. त्यानंतर दगड-विटांचा गाभा रचला जातो. गाभ्याचा तळ रुंद असणे आवश्यक असते, अन्यथा ओल्या मातीच्या भाराने डोंगर एका बाजूला कलतो. गाभ्यावर पातळ चिखलात भिजवलेले गोणपाट पसरतात. गोणपाटाला पडणाऱ्या नैसर्गिक चुण्यांतून डोंगराच्या सोंडा व घळी तयार होतात. त्यावर मातीचे लेप देऊन माची, सोंड, कडा हे भाग ठळक केले जातात. गुहेसाठी गाभा रचतानाच पोकळी ठेवावी लागते. माती लिंपल्यावर कोरलेली गुहा बहुधा ढासळते.

### तट, वाटा व पाणी

तटबंदी माती ओलसर असतानाच बसवतात. पायऱ्या पत्र्याच्या तुकड्याने कापतात, तर वाटेवर रांगोळी किंवा विटांचा चुरा टाकतात. तळ्यासाठी परात, ताट किंवा आरशाचा तुकडा वापरण्यात येतो. रुग्णालयात वापरतात तशी सलाईनची नळी उंचावरील बाटलीला जोडून किल्ल्यावर कारंजे करण्याची युक्ती अनेक पिढ्यांतील मुलांना परिचित आहे. बाटली कारंज्यापेक्षा जितकी उंच, तितकी पाण्याची धार उंच जाते.

### हिरवळ

उतारावर हिरवळ दिसावी म्हणून अळीव, मोहरी किंवा गहू पेरतात. अळीव दोन-तीन दिवसांत रुजतो व पाच-सहा दिवसांत दाट हिरवा दिसू लागतो. म्हणून वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असल्यास त्यापूर्वी किमान पाच दिवस लेपाचे काम पूर्ण व्हावे लागते. पेरणीनंतर पाणी ओतण्याऐवजी शिंपडावे लागते, कारण ओतलेल्या पाण्याने बी वाहून पायथ्याशी गोळा होते. पेरणी सर्वत्र केल्यास वाटा व पायऱ्या झाकल्या जातात. त्यामुळे कडे, वाटा आणि सपाटी मोकळी ठेवण्यात येतात. परतीचा पाऊस लांबल्यास किल्ल्यावर प्लास्टिकचा कागद आच्छादावा लागतो.

## चित्रे

किल्ल्यावर मांडण्याच्या छोट्या मूर्तींना पुणे व परिसरात ‘चित्रे’ म्हणतात. दिवाळीपूर्वी कुंभारवाड्यात आणि बाजारात ही चित्रे विक्रीस येतात. पूर्वी ती प्रामुख्याने भाजलेल्या मातीची व हाताने रंगवलेली असत. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस व प्लास्टिकची चित्रेही आली. सिंहासनाधिष्ठित महाराज, अश्वारूढ महाराज, भालाईत, तोफा, हत्ती-घोडे, तुतारी वाजवणारा, शेतकरी, गवळण, भाजीवाली, वासुदेव, कीर्तनकार आणि वाघ हे नेहमीचे प्रकार होत.

चित्रांच्या मांडणीला काही अलिखित नियम आहेत. महाराजांचे सिंहासन सर्वांत उंच जागी असते, पहारेकरी दरवाजाच्या दोन्ही बाजूंना उभे असतात आणि मावळे चढणीवर विखुरलेले असतात. महाराजांचे चित्र बहुधा इतरांपेक्षा मोठे असते. आकारातून मान दाखवण्याची ही रीत भारतीय शिल्प-चित्रपरंपरेतही आढळते. मोडलेली चित्रे टाकून न देता युद्धातील जखमी म्हणून आडवी मांडण्याची प्रथाही मुलांत आहे. पायथ्याच्या गावात कालविसंगती खपवून घेतली जाते. तेथे प्लास्टिकची मोटार, पोलीस, क्रिकेटपटू किंवा आगगाडीही दिसते. अभ्यासपूर्वक केलेल्या प्रतिकृतींत अशा वस्तू टाळण्यात येतात.

## प्रमाणाचा प्रश्न

हुबेहूब प्रतिकृती करताना सर्वांत मोठी अडचण प्रमाणाची असते. बाजारात मिळणारे चित्र साधारण ५ सेंटिमीटर उंच असते. माणसाची उंची १७० सेंटिमीटर धरल्यास हे प्रमाण सुमारे १:३४ होते. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. चित्रांच्या प्रमाणात तो करायचा झाल्यास डोंगर जवळजवळ ६ मीटर, म्हणजे दुमजली घराएवढा होईल. उलट डोंगर १:५०० या प्रमाणात घेतला, तर तो ४० सेंटिमीटर उंचीचा होऊन अंगणात मावतो, परंतु त्या प्रमाणात माणूस अवघा साडेतीन मिलिमीटरचा ठरतो.

{| हिशोबाचा सारांश पुढीलप्रमाणे आहे:

- प्रमाण १:५०० – डोंगर ४० सेंटिमीटर, चाँदमिनार सुमारे १३ सेंटिमीटर, माणूस सुमारे ३.५ मिलिमीटर
- प्रमाण १:२०० – डोंगर १ मीटर, चाँदमिनार सुमारे ३२ सेंटिमीटर, माणूस ८.५ मिलिमीटर
- प्रमाण १:३४ – डोंगर सुमारे ५.९ मीटर, चाँदमिनार सुमारे १.८५ मीटर, माणूस ५ सेंटिमीटर

या अडचणीवर दोन मार्ग अवलंबले जातात. एका मार्गात भूप्रदेशाचे व चित्रांचे प्रमाण वेगवेगळे आहे हे मान्य करून प्रत्येक चित्र एका तुकडीचे प्रतीक समजतात. दुसऱ्या मार्गात मुख्य प्रतिकृतीवर माणसे न मांडता फक्त निशाण व दिवे लावतात आणि एखादा दरवाजा किंवा बुरूज बाजूला मोठ्या प्रमाणात करून त्यावर चित्रे मांडतात. परंपरागत किल्ल्यात पहिला मार्ग हिशोबाविनाच स्वीकारलेला असतो.

## देवगिरीची प्रतिकृती

देवगिरी किल्ला छत्रपती संभाजीनगर शहरापासून वायव्येस सुमारे १५ किलोमीटर अंतरावर, वेरूळकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. बाराव्या शतकात यादव राजा पाचवा भिल्लम याने येथे राजधानी वसवली. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने त्याचे नाव दौलताबाद ठेवून दिल्लीची राजधानी काही काळ येथे हलवली.

### कडा आणि खंदक

सह्याद्रीतील गडांसाठी वापरली जाणारी गोणपाटाची पद्धत देवगिरीला जशीच्या तशी लागू पडत नाही. हा डोंगर शंकूच्या आकाराचा असून त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा केलेला आहे. तासलेल्या कड्याची उंची सुमारे ५० मीटर, म्हणजे डोंगराच्या एकूण उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी भरते. १:५०० या प्रमाणात हा कडा १० सेंटिमीटर होतो. त्यावर गोणपाट टाकल्यास कड्याचा उतार बनतो आणि किल्ल्याच्या संरक्षणाचे मुख्य साधनच नाहीसे होते. म्हणून खालचा भाग विटांच्या उभ्या ओट्यासारखा रचून, त्याच्या बाजू थापीने सपाट तासून घ्याव्या लागतात. गोणपाटाचा वापर वरच्या निमुळत्या भागापुरता मर्यादित ठेवतात.

कड्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक आहे. प्रतिकृतीत तो नंतर कोरण्यापेक्षा ओटा रचतानाच भोवती मोकळी चर ठेवणे सोयीचे ठरते. चरीला प्लास्टिकचा कागद लावून त्यावर मातीचा पातळ लेप दिल्यास पाणी झिरपत नाही. प्लास्टिकविना ठेवलेल्या खंदकातील पाणी ओट्याच्या मातीत मुरते आणि कडा खालून सुटू लागतो. खंदकावर एकच अरुंद पूल असतो. दुसरी वाट दाखवल्यास प्रतिकृती चुकीची ठरते, कारण बालेकिल्ल्यात शिरण्याचा मार्ग एकच असणे हेच या दुर्गरचनेचे वैशिष्ट्य आहे.

### अंधारी

पूल ओलांडल्यावर खडकाच्या पोटातून जाणारा वळणावळणाचा काळोखी मार्ग लागतो. तो ‘अंधारी’ या नावाने ओळखला जातो. शत्रू आत शिरलाच तर त्याला दिशाभूल करून गाठण्याची सोय या मार्गात होती. बाहेरून पाहणाऱ्याला प्रतिकृतीत अंधारी दिसत नाही. ती दाखवण्यासाठी डोंगराची मागील बाजू उभी कापल्याप्रमाणे मोकळी ठेवून आतील मार्ग उघडा करता येतो. यासाठी गाभा रचताना वाकवलेली रबरी नळी किंवा पुठ्ठ्याची नळी घालून, माती सुकल्यावर ती अर्धी उघडी करतात. आतून काळा रंग दिल्यास आणि वरच्या तोंडाशी लहान दिवा ठेवल्यास अंधाराकडून उजेडाकडे जाणारा मार्ग स्पष्ट होतो.

### तट व वास्तू

देवगिरीला बाहेरून आत अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट असे तट आहेत. अंबरकोटाने जुन्या नगराचा विस्तृत परिसर वेढलेला असल्याने तो प्रमाणात घेतल्यास मांडणी फार मोठी होते. त्यामुळे त्याचा केवळ एखादा भाग कडेला दाखवणे व महाकोटापासून आतील रचना पूर्ण करणे व्यवहार्य ठरते. महाकोटाच्या प्रवेशमार्गावर एकापाठोपाठ एक दरवाजे असून ते सरळ रेषेत नाहीत. दरवाज्यांच्या फळ्यांवर हत्तींच्या धडकेपासून बचाव करणारे अणकुचीदार खिळे आहेत. मोठ्या प्रमाणातील स्वतंत्र दरवाजा करायचा झाल्यास पातळ लाकडी फळीवर बारीक चुका ठोकून हा तपशील साधता येतो.

पायथ्याच्या भागात हत्ती तलाव, भारतमाता मंदिर, चाँदमिनार, चिनी महाल आणि मेंढा तोफेचा बुरूज या ठळक खुणा आहेत. पंधराव्या शतकात बहमनी काळात बांधलेला चाँदमिनार सुमारे ६३ मीटर उंच आहे. तो डोंगराच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा किंचित कमी असतो, या एका मापावरून प्रतिकृतीचे प्रमाण तपासता येते. हौशी प्रतिकृतींत मिनार खूपच लहान किंवा डोंगराच्या माथ्याएवढा उंच होण्याची चूक संभवते. गोवळकोंड्याचा अखेरचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह यास १६८७ नंतर चिनी महालात कैदेत ठेवण्यात आले होते. माथ्याजवळ बारादरी ही मुघलकालीन वास्तू आहे.

### कालखंडाची निवड

देवगिरीची प्रतिकृती करणाऱ्यास आरंभीच कालखंड ठरवावा लागतो. १२९६ मधील, म्हणजे रामदेवराय यादवाच्या काळातील किल्ला दाखवायचा असल्यास चाँदमिनार, चिनी महाल, बारादरी आणि तोफा वगळाव्या लागतात. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबतखानाने घातलेला वेढा दाखवायचा असल्यास मिनार व तोफा येतात, बारादरी मात्र येत नाही. आजचा किल्ला दाखवायचा असल्यास सर्व वास्तू येतात, परंतु सैनिकांची चित्रे अप्रस्तुत ठरतात. भारतमाता मंदिर हे त्या वास्तूचे विसाव्या शतकातील रूप असल्याने तेही केवळ या तिसऱ्या मांडणीत बसते.

याच संदर्भात माथ्यावरील सिंहासनाचा प्रश्न उद्भवतो. प्रथेनुसार प्रत्येक किल्ल्याच्या माथ्यावर शिवाजी महाराजांचे चित्र असते. देवगिरी मात्र शिवकाळात मुघलांच्या ताब्यात होता. १७६० मधील उदगीरच्या लढाईनंतर तो काही काळ मराठ्यांकडे आला. तरीही शिवचरित्राशी या परिसराचा निकटचा संबंध आहे. जिजाबाईंचे माहेर असलेले सिंदखेडचे जाधव घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांशी जोडते. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव यांची हत्या १६२९ मध्ये निजामशाही दरबारात याच किल्ल्यात झाली. महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांचे वेरूळ हे गाव किल्ल्यापासून जवळ आहे. त्यामुळे माथा त्या-त्या कालखंडाला अनुसरून ठेवून महाराजांचे सिंहासन समोर स्वतंत्र चौथऱ्यावर मांडणे आणि या संबंधांची माहिती पाटीवर देणे, हा प्रथा व इतिहास दोन्ही सांभाळणारा मार्ग ठरतो.

### प्रतिकृतीत न दिसणारी बाजू

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर देवगिरी अजिंक्य का मानला गेला, हे पाहताक्षणी लक्षात येते. किल्ला प्रत्यक्षात कसा हातचा गेला, ते मात्र तिच्यात दिसत नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य बाहेर होते आणि रामदेवरायाने किल्ल्याचा आश्रय घेतला. परंपरागत वृत्तांतानुसार घाईने किल्ल्यात नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि राजाला तह करावा लागला. १६३३ च्या वेढ्यात सुरुंगांनी तटाला खिंडारे पाडण्यात आली, तसेच आत अन्नटंचाई निर्माण झाली आणि मलिक अंबरचा पुत्र फतेहखान याने किल्ला स्वाधीन केला. दोन्ही प्रसंगी तासलेला कडा, खंदक व अंधारी शाबूत होती.

म्हणून युद्धप्रसंग दाखवणाऱ्या मांडणीत कड्याइतकेच महत्त्व धान्याच्या कोठारांना, पाण्याच्या टाक्यांना आणि वेढा देणाऱ्या छावणीला द्यावे लागते. कोठारापाशी मांडलेली चिमुकली पोती किंवा तटाबाहेर दाखवलेले सुरुंगाचे तोंड यांमुळे १२९६ व १६३३ मधील घटनाक्रम समजण्यास मदत होते.

## युद्धखेळ व दृश्यप्रतिकृती

युरोपात लघुप्रतिकृतींचा वापर लष्करी कारणांसाठी झाला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, १६६८ पासून, मंत्री लूव्हा याच्या पुढाकाराने तटबंदीयुक्त नगरांच्या प्रतिकृती तयार करण्यात आल्या. त्यांतील बहुतेकांचे प्रमाण १:६०० होते. हा संग्रह पॅरिसमधील ॲंव्हालिद या वास्तूतील संग्रहालयात आहे. प्रशियात १८२४ मध्ये गेओर्ग फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावर सोंगट्या हलवून खेळायच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि ते अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांच्या युद्धखेळाला घरगुती छंदाचे रूप दिले.

डायोरामा हा शब्द पॅरिसमध्ये १८२२ साली लुई दागेर व शार्ल बूताँ यांनी सुरू केलेल्या प्रकाशाच्या साहाय्याने बदलणाऱ्या भव्य चित्रदृश्यांसाठी प्रथम वापरला गेला. पुढे तो लहान प्रमाणातील त्रिमितीय देखाव्यासाठी रूढ झाला. आजच्या छांदिष्टांत १:७२ प्रमाणातील किंवा २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक प्रचलित आहेत. युद्धखेळातही सैनिकांचे प्रमाण आणि जमिनीचे प्रमाण वेगळे धरतात व एक सोंगटी अनेक सैनिकांची प्रतिनिधी समजतात. दिवाळीतील किल्ल्याच्या प्रथेत हीच तडजोड दिसते.

दोन्हींत फरकही आहेत. युद्धखेळाची मांडणी टेबलावर, टिकाऊ साहित्यात आणि नियमांनुसार खेळण्यासाठी केली जाते. दिवाळीतील किल्ला जमिनीवर, मातीत आणि अल्पकाळासाठी उभा राहतो. तो सामूहिक असतो व रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही पाहण्यासाठी खुला असतो.

## स्पर्धा व बदलते स्वरूप

विविध मंडळे, गृहनिर्माण संस्था, शाळा व दुर्गप्रेमी संस्था किल्ले बांधणी स्पर्धा आयोजित करतात. परीक्षणात गडाच्या रचनेची अचूकता, नैसर्गिक साहित्याचा वापर, मांडणी आणि बांधणाऱ्या मुलांना असलेली गडाची माहिती यांना महत्त्व देण्यात येते. परीक्षकांसमोर गडाचा इतिहास तोंडी सांगणे हा अनेक स्पर्धांचा भाग असतो.

शहरांत अंगणे कमी झाल्याने किल्ल्याची जागा गच्ची, सज्जा किंवा वाहनतळाच्या कोपऱ्याकडे सरकली आहे. गच्चीवर ओल्या मातीचा भार आणि पाण्याची गळती यांचा विचार करावा लागत असल्याने गाभ्यासाठी दगडांऐवजी रिकामी खोकी व कागदाचा लगदा वापरतात. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात. थर्माकोल वजनाला हलका असल्याने वापरला जात असे, तथापि महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आणल्यानंतर मातीच्या वापरावर पुन्हा भर देण्यात येऊ लागला. तयार किल्ला जागेची व वेळेची अडचण सोडवतो, परंतु कडा तासणे, भेगा भरणे, पाण्याचा निचरा काढणे आणि वाट कोठून न्यावी हे ठरवणे यांतून होणारे गडाचे आकलन त्यातून मिळत नाही.

## मोडणी

किल्ला साधारणपणे भाऊबीजेपर्यंत, काही ठिकाणी तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवला जातो. त्यानंतर चित्रे उचलून, पुसून, कापडात किंवा कागदात गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवतात. काही ठिकाणी उरलेले फटाके पोकळ्यांत लावून किल्ला उडवण्याची पद्धत आहे, मात्र दगड-माती अंगावर उडून इजा होण्याचा धोका असल्याने ती टाळली जाते. मातीच्या किल्ल्याची माती बागेत किंवा कुंड्यांत परत जाते, दगड-विटा कोपऱ्यात रचून ठेवल्या जातात आणि पुढील दिवाळीत त्याच विटांतून बहुधा वेगळा गड उभा राहतो. देवगिरीसारखी मेहनतीची प्रतिकृती मोडण्यापूर्वी तिची मापे व छायाचित्रे नोंदवून ठेवल्यास पुढील वर्षी चुका दुरुस्त करणे शक्य होते.

## हे सुद्धा पहा

- देवगिरी
- दिवाळी
- रायगड
- महाराष्ट्रातील किल्ले
- यादव घराणे
- मलिक अंबर